डी-बारा मंद आहे

गुरु., ५ मार्च

पक्की बातमी: डी-बारा तिसऱ्यांदाही मंद. दुजोरा: रेखा, सकाळी पावणेसात, एका हातात डबा, दुसऱ्या हातात सँडल.

"तीनदा, विजय. तीन वेगळ्या दिवशी काढलेलं रक्त आणि तिन्ही वेळा तेच. आता याला चूक म्हणता येणार नाही. हा माणूसच तसा आहे."

'हा माणूस' म्हणताना जो चेहरा झाला तो मी शेवटचा आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये पाहिलाय.

चाकणची बस ७.१० ला पुनावळ्याच्या चौकातून. गेली. अर्धा चहा ओट्यावर तसाच. मी प्यायलो.

शुक्र., ६ मार्च

रविवारच्या पुरवणीतला स्तंभ कायनेजवर करायचं ठरवलं. मजकूर गुरुवारी दुपारी दोनपर्यंत. विषय वाचकांसाठी निवडला असं संपादकांना सांगितलं. खरं कारण हे, की प्रश्न विचारले की ती माझ्याशी अर्धा तास बोलते.

गवार निवडता निवडता समजावलं. टी-पेशी म्हणजे शरीराच्या पहाऱ्यावरच्या पेशी. त्यांच्या बाहेरच्या अंगाला एक ग्राहक, म्हणजे रिसेप्टर असतो. शत्रू ओळखला की तो हलतो. पण बाहेरचं हलणं आत कळायला हवं. आत कायनेज बसलेला असतो. तो शेजारच्या प्रथिनावर फॉस्फेटचा ठप्पा मारतो, ते जागं होतं, पुढच्याला जागं करतं, आणि निरोप पेशीच्या गाभ्यापर्यंत जातो.

मी म्हटलं, "गेटवरचा वॉचमन. पासवर शिक्का मारल्याशिवाय गाडी आत नाही."

"हो, पण या वॉचमनच्या स्वतःच्या अंगावरही ठप्पे बसतात. एका जागी बसला तर तो जोरात कामाला लागतो. शेपटीवर बसला तर वळकटीसारखा मिटून बसतो. तोच वॉचमन, तोच ठप्पा. कुठे बसला त्यावर सगळं."

"आणि डी-बारा?"

गवार थांबली. "त्याच्याकडे वॉचमन पुरेपूर आहेत. मोजलेत. पण बहुतेक मिटलेले. गाड्या हॉर्न मारतायत आणि हे आपले बसून. जन्मतःच तसा असणार. असा माणूस मी आजवर पाहिला नाही."

पाहिलेला नाहीच. तिला फक्त नंबर माहीत असतो. सोळा निरोगी माणसं रक्त देतात, मोशीच्या दवाखान्यात शिंदे सिस्टर ते काढतात, नंबर टाकतात, पेटी साडेदहाला चाकणला तिच्या लॅबमध्ये पोचते. नावांची वही सिस्टरच्या कुलपात. विचारायचं नाही, सांगायचं नाही असा नियम.

त्या सोळांत मी आहे. जानेवारीत नाव दिलं तेव्हा रेखा हसली होती. "तुझं रक्त? शाई निघेल." त्यानंतर एकदाही विचारलं नाही. नियम पाळते. थोडा कमी पाळला असता तरी चाललं असतं.

शनि., ७ मार्च

सलीम अत्तार हे नाव या वहीत किती वेळा आलंय ते मोजायला नको. पुढे नुसतं स.

स. तिच्याच टेबलावर काम करतो. अडतीस वर्षांचा. काळेवाडीत वडिलांचं गॅरेज, घरी बायको, दोन मुली. माणूस चांगला आहे, हीच अडचण. वाईट असता तर सोपं होतं, अठ्ठावीस वर्षांच्या बातमीदारीत असे पुष्कळ निस्तरलेत.

संशय म्हटला की जे मनात येतं, तसं काही नाही. तिला अर्धं वाक्य बोलून थांबता येईल असा माणूस तिच्याकडे रोज नऊ तास असतो. माझ्यासमोर ती वाक्य पूर्ण करते.

लॅबमधलेही काहीजण रक्त देतात. स. देतो हे तिनेच सांगितलंय. डी-बारा तोच असावा असं दोन दिवस वाटतंय. पुरावा शून्य.

रवि., ८ मार्च

दत्ता आला. चाकण गावठाणातला, माझ्याबरोबर वीस वर्षं फोटो काढत फिरला. आल्या आल्या:

"आयला, विजूभाऊ, तोंड किती भरलंय राव! आन् गुडघं?"

"पळतायत."

"म्या काय सांगितलं हुतं? आमची आत्या जिना चढत न्हवती, आता माळवं डोक्यावर घिऊन येती. तसली न्हाई ती पुडी. झाडपाल्याची हाय."

खरंच पळतायत. जानेवारीअखेरपासून दोन वेळा मधातून. चौथ्या दिवशी कमोडवरून हात न टेकता उठलो. रेखाला सांगितलेलं नाही. ज्या पुडीवर आतलं काही लिहिलेलं नसतं ती ती घरात ठेवू देत नाही.

घेतली ती लोहगडासाठी. ८ फेब्रु. ला लॅबची सहल होती, घरच्यांसकट. गेल्या वर्षी मी पायथ्याशी पिठलं-भाकरी खात बसलो आणि वर जाताना तिच्या पाठीवरची सॅक स. कडे होती. या वर्षी माझ्याकडे होती. स. म्हणाला, "सर, तुम्ही तर जवान झालात." तिने वळून पाहिलं. तेवढ्यासाठी आणखी दहा पुड्या खाल्ल्या असत्या.

शनि., १४ मार्च

लॅबचा वर्धापनदिन. काचेबाहेरून आम्हा घरच्यांना काम दाखवलं.

रेखा नळ्यांपुढे. स. मागे, हातात घड्याळ. रोजा चाललाय, ओठ कोरडे. तिने पहिल्या नळीत पेशींना चेतवणारा थेंब टाकला तशी त्याने मोजणी सुरू केली. दहा-दहा सेकंदांनी पुढची नळी. ती घड्याळाकडे बघतच नाही. दोन मिनिटं होताच तो "घे" म्हणतो आणि ती दुसरा थेंब टाकून पेशी आहे त्या अवस्थेत गोठवते. उशीर झाला तर ठप्पे पुसले जातात, पुसणारेही पेशीत असतातच. मग लेसरपुढून एकेक पेशी सोडून कुणावर किती ठप्पे बसले ते यंत्र मोजतं.

"घे." "घे." "घे." बारा नळ्या. एकदाही तिने मान वर केली नाही.

मी आयुष्यभर घड्याळाला बांधून काम केलं. पान छपाईला सोडायच्या आधीची शेवटची दोन मिनिटं काय असतात ते मला माहीत आहे. माझ्यासाठी असं कुणी मोजलं नाही, की मी कुणासाठी. बाजूला स. ची बायको उभी होती. म्हणाली, "घरी यांना साखरेचा डबा सापडत नाही, सर." मी हसलो. उशीर झाला हसायला.

सोम., १६ मार्च

आज रेखाचं आणि स. चं भांडण. संध्याकाळी सहाच्या बसमधून उतरताना तिच्या कपाळावर आठी. माझ्या अंगात उत्साह.

स. म्हणे डी-बाराला अहवालातून काढा. त्याचे शब्द: "मॅडम, हा माणूस काहीतरी खातोय."

"मी त्याला म्हटलं, फॉर्मवर सही आहे. दोन आठवडे कोणतंही औषध नाही. तीन वेळा सही आहे. तर म्हणतो, लोक सही करतात मॅडम."

"बघ ना. असा कसा बोलतो."

"मी इतक्या वर्षांत माझ्या नावाचं काय शोधलं सांग? दुसऱ्यांच्या औषधांची तपासणी. हे पहिलं माझं आहे. परदेशातली एक कंपनी हाच कायनेज दाबणारं औषध करतेय, संधिवातासाठी. ज्याचा मुळातच मिटलेला आहे त्याला ते दिलं तर साधा ताप जिवावर बेतेल. अशी माणसं असतात हे मी दाखवतेय. सोमवारी, तीस तारखेला त्यांना अहवाल जाणार आणि याला आता शंका!"

म्हणजे डी-बारा स. नाही. स्वतःला काढा असं कोण म्हणेल? जेवण छान लागलं. दोन भाकऱ्या जास्त. हल्ली भूकही फार लागते.

बुध., १८ मार्च

बातमी दोन ठिकाणांहून तपासली, मगच लिहितो.

रेखा चहा पिताना सहज: "हा डी-बारा वेळेचा मात्र पक्का नाही. दुसऱ्या खेपेला मंगळवारी आलाच नाही, गुरुवारी आला. सलीमचा पहिला रोजा होता म्हणून लक्षात आहे."

ती गेल्यावर हीच वही मागे उलटली.

१७ फेब्रु., मंगळ.: 'दत्ताबरोबर राजगुरुनगर. पुड्या संपल्या होत्या. मोशीला फोन, रक्त गुरुवारी देतो.'

१९ फेब्रु., गुरु.: 'मोशी. सिस्टर म्हणाल्या, आज तुम्ही एकटेच.'

बाकीच्या दोन तारखाही जुळतात.

डी-बारा मी आहे.

गुरु., १९ मार्च

पाडवा, तिला सुट्टी. सोसायटीत गुढ्या, खाली मुलांचा गोंगाट. मी दिवसभर तिच्याकडे बघत होतो. दोन महिने ही बाई माझ्या पेशींचा विचार करत झोपते आणि उठते. माझ्यासाठी स. शी भांडली.

"काय रे, काय झालंय तुला?"

"काही नाही."

"गाल वर आलेत तुझे. गोड कमी खा."

स्तंभ दोनच्या आत पाठवला. चांगला झालाय. शेवटी 'काही जणांचा कायनेज उपजतच शांत असतो, असे संशोधकांना वाटते' असं वाक्य घातलं. उपजत शांत. बायकोच्या नातेवाइकांत माझी ख्याती तीच आहे.

रवि., २२ मार्च

ईदनंतरचं जेवण स. कडे, काळेवाडीला. शीरखुर्मा दोन वाट्या. रेखाशी त्याचा समेट झाल्यासारखा दिसला. दोघं बाल्कनीत अर्ध्या-अर्ध्या वाक्यांत बोलत होते. माझं चित्त ठिकाणावर होतं. मनात म्हणत होतो, बोला, विषय मीच आहे.

निघताना स. ने मला गॅरेजपाशी गाठलं.

"सर, एक काम होतं. तुम्ही मागे त्या गुडघेदुखीच्या पुड्यांवर बातमी केली होती ना? झाडपाला म्हणून विकतात आणि आत स्टिरॉइड मिसळलेलं असतं?"

"बरीच जुनी."

"कात्रण मिळेल? मॅडमना दाखवायचंय. माझी अम्मी खायची तसली पुडी. आम्हाला वाटलं तब्येत सुधारली, चेहरा भरला, भूक लागायला लागली. मग एकदम बंद केली आणि आठ दिवस आयसीयूत. स्टिरॉइडने नेमकं हेच होतं, सर. कायनेज असतो तेवढाच, पण काम करेनासा होतो. हा बारा नंबर वाईट माणूस नसेल. त्याला बिचाऱ्याला माहीतच नसेल."

"शोधतो."

"शुक्रवारपर्यंत? सोमवारी अहवाल जातोय."

"शोधतो म्हटलं ना."

परतताना गाडी रेखाने चालवली. रहाटणीच्या सिग्नलला मी आरशात तोंड पाहिलं.

सोम., २३ मार्च

शोधायला लागलं नाही. तिसरी फाइल, वरून पाचवं पान. माझ्या नावाने, चार कॉलम. फोटो दत्ताने काढलेला. 'पुडी देणारे घटक सांगत नाहीत आणि घेणारे विचारत नाहीत.' वाक्य माझं. बरं आहे.

फॉर्म भरताना पुडी म्हणजे औषध असं मनातही आलं नाही.

खोटं. आलं होतं. औषध लिहिलं तर नाव कापतील आणि मी सोळांत नसेन, असंही आलं होतं. पहिल्यांदा 'काही नाही' लिहिताना पेन थांबलं, नंतरच्या दोन वेळा थांबलं नाही.

दत्ताला फोन.

"त्यात स्टिरॉइड असेल का रे?"

"मला काय म्हाईत? आपुन दोघं गेलतो, तुमी विचारलं का त्याला?"

"नाही."

"मंग! पत्रकार तुमी हाय का मी?"

बुध., २५ मार्च

स. चा मेसेज: 'सर, मिळालं का?' उत्तर दिलं नाही.

माझी बाजू लिहून बघतो. पुडीत स्टिरॉइड आहेच हे सिद्ध नाही. असलं तरी माझा कायनेज त्याच्यामुळेच मिटलाय हे सिद्ध नाही. मी मुळातच मंद असू शकतो. शाळेतले गुरुजी साक्ष देतील.

दुसरी बाजू. अहवाल गेला, कंपनीने त्यावर पुढचं काम उभारलं, आणि वर्षभराने कुणीतरी म्हणालं की असा माणूस सापडत नाही बुवा. तेव्हा कुणाचं नाव असेल? रेखाचं. तिला कधी कळणारही नाही की का सापडत नाही.

मग सांगत का नाही? कारण सांगितलं की स. बरोबर ठरतो. बास, एवढंच. तिचं रागावणं, फसवल्याचा आरोप, सगळं सोसेन. पण "सलीम, तुझं बरोबर होतं" हे तिच्या तोंडून ऐकायचं नाहीये. पन्नाशी ओलांडलेला माणूस, आणि हे वाक्य त्याला बायकोच्या कामापेक्षा जड वाटतंय. लिहून वाचलं. तसंच आहे.

गुरु., २६ मार्च

सांगितलं नाही. ती आनंदात होती. अहवालातला तक्ता दाखवला. पंधरा ठिपके एकत्र, एक लांब खाली, एकटा. त्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा बघ माझा."

शुक्र., २७ मार्च

सांगितलं. सकाळी ७.०२, चौकात, बसची वाट बघताना. घरात धीर होत नव्हता.

"रेखा, बारा नंबर मी आहे."

"नियम मोडू नकोस सकाळी सकाळी."

"मी पुडी खातो. गुडघ्यांची. जानेवारीपासून."

बस आली. दार उघडलं. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम?" ती हलली नाही. बस गेली. अकरा वर्षांत तिची बस चुकलेली मी पाहिली नव्हती.

मग: "रोज?"

"दोन वेळा."

"कुठून आणतोस?"

"राजगुरुनगर. दत्ताच्या ओळखीचा."

"आत काय आहे?"

"माहीत नाही."

"तुला माहीत नाही." हे तिने दोनदा म्हटलं. "फाइल भरून बातम्या आहेत घरात, आणि तुला माहीत नाही."

घरी येऊन राहिलेल्या पुड्या मागितल्या. पुस्तकांच्या कपाटातून काढून दिल्या. तिने त्या प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या, वर तारीख लिहिली. मग मला म्हणाली, "आजची घे."

"काय?"

"एकदम थांबलास तर मरशील मूर्खा. सलीमची आई आठ दिवस आयसीयूत होती. आजची घे आणि दहाला डॉक्टरकडे चल."

माझ्यासमोर फोन लावला. तो उचलेपर्यंत भिंतीकडे बघत होती.

"सलीम, तुझं बरोबर होतं. बारा म्हणजे आमचे विजय." पलीकडून त्याने काहीतरी विचारलं. मग ती म्हणाली, "नाही, बरा आहे तो." आणि मग तिचा आवाज फुटला.

ऐकलं ते वाक्य. वाटलं होतं त्याहून कमी लागलं. नंतरचं रडणं जास्त लागलं, कारण ती त्याच्यापाशी रडली.

शनि., २८ मार्च

पक्की बातमी: पुडीत डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉइडच. दुजोरा: स., दुपारी फोनवर, यंत्रावर दोनदा तपासून. तो 'मी म्हटलं नव्हतं का' म्हणेल याची मी तयारी करून बसलो होतो. म्हणाला, "सर, रक्तातली साखर किती आली?"

जास्त आली. डॉक्टरांनी त्याच औषधाच्या मोजून दिलेल्या गोळ्या लिहून दिल्या, दर आठवड्याला थोडी कमी. एकही चुकवायची नाही. मे महिन्यात शरीर पूर्ववत व्हावं असा अंदाज.

कात्रण स. ला पाठवलं. आता गरज नव्हती. मागितलं होतं म्हणून.

रवि., २९ मार्च

स. सकाळी दहाला आला, लॅपटॉप घेऊन. अहवाल पंधरा जणांवर पुन्हा बांधायचा. बैठकीच्या खोलीत दोघं चार तास. मी चहा केला, पोहे केले, आत जाऊन बसलो. दार अर्धवट उघडं.

"हा परिच्छेद..."

"काढते. आणि खालचा?"

"तो राहू दे, पण 'जन्मतः'..."

"हो हो."

ओळ न् ओळ तिच्या शोधाची कापत होते आणि तरी ऐकायला ते भांडणापेक्षा वाईट होतं. एकदा ती हसलीसुद्धा. संपादनाचं काम मी हजार वेळा केलंय, कापाकापी माझा धंदा. मला कुणी बोलावलं नाही. बोलावण्याचं कारणही नव्हतं.

जाताना स. म्हणाला, "मॅडम, एक मुद्दा राहतोच. माझ्या अम्मीचं रक्त आपण कधी बघितलं नाही. स्टिरॉइडमुळे कुणाचाही कायनेज इतका मंद होतो, का मुळात थोडा मंद असलेला जास्त मंद होतो, हे आपल्याला माहीत नाही. सरांचं औषध बंद झाल्यावर पुन्हा बघू."

तिने मान वर केली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

तिच्या डोळ्यांत ती चमक त्याने आणली. मी फक्त रक्त द्यायचं.

मंगळ., ७ एप्रिल

गुडघे परत आले. जिना एक-एक पायरी.

रेखा कामापुरती बोलते. गोळी घेतली का, साखर मोजली का. आज भाजी चिरताना पाठमोरी म्हणाली, "मला सगळ्यात जास्त कशाचा राग आलाय माहितीये? दोन महिने एका माणसाचा विचार करत होते. कसा असेल, कुठे राहत असेल, लहानपणी आजारी पडत असेल का. आणि तो इथे शेजारी झोपत होता, आणि तोही खरा नाही."

"थोडासा खरा असेन."

"मेमध्ये कळेल."

विनोदावर ती हसली नाही. पण उत्तर दिलं.

मी विचारलं, "तू माझ्याबद्दल कधी असा विचार केलास? कसा असेल वगैरे?"

"तुला नंबर नव्हता ना," म्हणाली. मग सुरी ठेवली. "विचारायचं होतंस. रक्त द्यायला कशाला गेलास?"

मी सुरी उचलली, उरलेली भाजी चिरली.

मंगळ., १४ एप्रिल

जयंती. दरवर्षी पिंपरीला पुतळ्यापाशी मी चालत जातो, बाबा कंपनीतून सुटल्यावर मला खांद्यावर न्यायचे तेव्हापासून. या वर्षी गुडघ्यांमुळे रिक्षा. रेखा बरोबर आली, पांढरी साडी. गर्दीत पायरीवर तिने हात पुढे केला. धरला. स. चा शुभेच्छांचा मेसेज दोघांना एकाच वेळी आला. तिने माझ्या फोनवरचा वाचला, मी तिच्या. तिला एक ओळ जास्त होती: 'चार नळ्यांची पद्धत करू, बघा पटते का.' पटली म्हणाली. काय पद्धत ते मी विचारलं नाही. मग विचारलं.

गुरु., ३० एप्रिल

शेवटची गोळी परवा झाली. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे मध्ये जाऊ द्या.

पुरवणीत दुरुस्ती छापून आणली: 'उपजत शांत' या वाक्याला आधार नाही. संपादक म्हणाले, "कुणी वाचतही नाही हो." मी म्हटलं, छापा. छोट्या टायपात छापली. रेखाने पान वाचून घडी केली, पर्समध्ये टाकली. ती घडी स. ला दाखवायला नेली असणार. किंवा नसेलही. हे असं चालूच आहे.

दत्ताच्या आत्याला डॉक्टरकडे नेलं. दत्ता स्वतः घेऊन गेला. पुडीवाल्याची बातमी दुसरा कुणीतरी करतोय, मी कागद दिले, नाव नको म्हटलं.

सोम., ११ मे

पक्की बातमी: उद्या. दुजोरा शिंदे सिस्टरकडून, फोनवर. "आठ वाजता या, आणि फॉर्म नीट भरा हो भाऊ."

ठरलंय ते असं. उद्या मोशीला माझं आणि सोळांतल्या आणखी तिघांचं रक्त काढणार. सिस्टर जुने नंबर पुसून नवीन टाकणार. कोणती नळी कुणाची ते कुलपात. रेखा टेबलावर असणार, स. मोजणार, आणि दोघांनाही माझी नळी कोणती ते कळणार नाही. मलाही नाही.

पेशी जोरात निघाल्या तर तिचा एकटा ठिपका कायमचा गेला. मंद निघाल्या तर काहीतरी आहे, थोडं का होईना, आणि ते तिचं आहे. मंद निघाव्यात असं मला वाटतंय. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते पाठवतील दुसऱ्या डॉक्टरकडे. आणि हे वाटणं तिच्यासाठी किती आणि स. खोटा ठरावा म्हणून किती, हा हिशेब मी सोडून दिलाय. स. लासुद्धा त्या मंदच निघायला हव्यात. गेल्या आठवड्यात म्हणाला, "सर, दुआ करतोय." इथेही तो माझ्या आधी.

संध्याकाळी रेखाने फॉर्म समोर ठेवला. औषधांच्या रकान्यात मी सगळं लिहिलं, तारखांसकट. जागा पुरली नाही, मागच्या बाजूला लिहिलं. तिने वाचलं नाही. नियम.

पेटी साडेदहाला चाकणला पोचेल. साडेअकराच्या सुमाराला मोजणी. आकडे यंत्रातून बुधवारी, कुलूप गुरुवारी दुपारनंतर उघडणार. निकाल संध्याकाळपर्यंत अपेक्षित. सहाच्या बसने येऊन रेखा सांगेल की आधी सलीमचा फोन येईल, ते ठरलेलं नाही.